घाटातले पन्नास

बुलढाण्यात माझं गॅरेज आहे. दीडशे सीसीच्या स्पोर्ट गाड्यांचा टॉप स्पीड वाढवून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. एकशे तीसला पोचणारी गाडी त्यांना एकशे चाळीसला हवी असते. ते वरचे दहा आपल्या रस्त्यांवर कुठे वापरणार, हे मी विचारत नाही. विचारत बसलो तर शटर ओढून घरी बसावं लागेल.

कॉलेजपासूनचा माझा एक मित्र इथल्या कोर्टात कारकून होता. घर वडनेर भोलजीला, त्यामुळे दर शनिवारी तो राजूर घाट उतरून गावी जायचा. वडील एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्याने स्पोर्ट गाडी घेतली तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. सपाटीवर काय करायचं ते कर, घाटात मीटर पन्नासच्या वर दिसता कामा नये. हे तो वडिलांच्या आवाजात मला करून दाखवायचा आणि वर पाळायचाही. घाटात तुला म्हशी ओव्हरटेक करतात, असं मी त्याला चिडवायचो.

त्याला हायवेवर एकशे चाळीस बघायचे होते. मी फिल्टर बदलला, सायलेन्सर मोकळा केला, साखळी फिरवणारं पुढचं चौदा दात्यांचं स्प्रॉकेट काढून पंधराचं टाकलं आणि मागचं सत्तेचाळीसचं काढून चव्वेचाळीसचं. आता इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक जास्त पळणार. पण त्या गाडीचं मीटर चाकाच्या फेऱ्या मोजत नाही, इंजिनाकडच्या मोजतं. त्यामुळे ते कमीच वेग दाखवत राहतं. हे सुधारणारी एक छोटी डबी मिळते. आमच्याकडे ती कोणी लावत नाही. दिसेल त्यात शंभराला चौदा वर धरायचे, ही आमची रीत. मी त्यालाही तेच सांगितलं.

वडनेरजवळच्या हायवेवर मीटरला एकशे तेवीस लागले. त्याने बाजूला थांबून मोबाइलवर हिशेब केला, एकशे चाळीस भरले, आणि स्क्रीन माझ्या नाकासमोर धरून नाचला. सपाटीवर आम्ही सगळेच असं वर धरायचो. घाटात मात्र कधी कोणी धरलं नाही. तिथे कोणाला फुशारकी मारायची असते?

पुढच्या शनिवारी दुपारी त्याच्या घरी जेवायला म्हणून मी सोबत निघालो. तो पुढे, मी माझ्या साध्या गाडीवर मागे. घाट उतरताना आमच्यातलं अंतर कमी-जास्त होत नव्हतं आणि माझ्या मीटरवर सत्तावन्न होते. मी मनात हिशेब केला. त्याला पन्नास दिसत असणार. पठ्ठ्या बापाला दिलेला शब्द पाळतोय, असं वाटून मला हसू आलं. हॉर्न द्यावा, थांबवून सांगावं, हे सुचलंच नाही. पुढच्या वळणावर खडी पसरली होती. गाडी घसरली आणि तो कठड्यावर आदळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

मी रडलो नाही. जलदानविधीला सतरंज्या अंथरल्या, आलेल्यांना पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडून एका गिऱ्हाइकाचं स्प्रॉकेट बदललं, आणि शंभराला चौदा वर धर म्हणून सांगितलंसुद्धा. पाना निसटून बोट चेचलं की पहिल्यांदा काहीच कळत नाही. माझं तसंच झालं आणि तसंच राहिलं. भूक लागायची, झोप यायची, गिऱ्हाइकांशी मस्करीही व्हायची.

पोलिसांच्या कागदावर 'भरधाव वेगात' असं लिहिलं गेलं. त्याच्या वडिलांनी ते वाचलं. तीस वर्षं घाटातून एसटी नेलेल्या माणसाला त्या शब्दाचा राग आला, पण तो लिहिणाऱ्यावर नाही, मुलावर आला. पोराने मला फसवलं, असं ते येईल त्याला सांगायचे. फोटो फ्रेम करून आला होता, तो त्यांनी भिंतीवर लावू दिला नाही. कागदात गुंडाळलेला तसाच कपाटावर पडून राहिला. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो, चहा प्यायचो, कपाटाकडे बघायचो आणि परत यायचो. मी बोललो असतो तर पोरगा सुटला असता, मी अडकलो असतो. एवढं साधं गणित होतं आणि मला ते वर्षभर सुटत नव्हतं. भीती वाटायची म्हणावं, तर तीही नीट वाटत नव्हती.

वर्ष झालं त्या दिवशी सांगितलं. धैर्य वगैरे काही नाही. ते परत तेच म्हणाले, पोराने फसवलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. दाते, मीटर, शंभराला चौदा, खडी, मला आलेलं हसूसुद्धा.

शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "तुह्या मीटरवर किती होते?"

"सत्तावन्न, काका."

"म्हंजे त्याच्यावर पन्नास." त्यांनी कपाटाकडे पाहिलं. "त्यानं माहं आयकलं होतं."

मग उठले, कपाटावरून फोटो काढला, कागद सोडवला आणि आतून हातोडी आणि खिळे आणून माझ्या हातात दिले. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी बोट ठेवून म्हणाले, "इथं खिळा ठोक."

दोन खिळे वाकले, तिसरा बसला. फोटो त्यांनी स्वतः लावला, तिरका होता तो सरळ केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता तू इथं येऊ नको."

मी हातोडी खाली ठेवली आणि चपला घातल्या.