देवळात जन्मलेली लेक

पिशोरच्या पुढं, जिल्ह्याच्या हद्दीवरच्या एका लहान गावात मी शिक्षिका होते. बाळंतपणासाठी मुकुंदवाडीला माहेरी निघाले, पण जीप वेशीपर्यंत पोचेतो कळा असह्य झाल्या. समोर गावाचं जुनं हेमाडपंती देऊळ होतं. बायकांनी मला धरून पायरीपर्यंत नेलं, पण देवळाला विटाळ होईल म्हणून त्या तिथंच थबकल्या. तेवढ्यात गुरवाची म्हातारी आई बाहेर आली.

"देवाला कसला इटाळ? आत घ्या पोरीला!"

बायकांनी खांबांना लुगडी बांधून आडोसा केला. त्या गार दगडी फरशीवर माझी लेक जन्मली. म्हातारीनं तिला आपल्याच पदरात गुंडाळलं. लेक आता कॉलेजात जाते. कुठल्याही देवळात हात जोडले, की मला आधी ती म्हातारी दिसते.