कुणाची तरी चाल

माझ्या साडूंइतका प्रामाणिक माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि या प्रामाणिकपणानं त्यांच्या आयुष्याची जेवढी नासाडी केली तेवढी एखाद्या अट्टल चोरालाही जमली नसती. साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेव्हणीचे यजमान. मुकुंदवाडीत राहतात, एका शाळेत पोरांना गाणं शिकवतात, आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर पूर्वी संगीतकार होते. हे 'होते' ते इतक्या शांतपणे म्हणतात की ऐकणाऱ्याला आधी वाईट वाटतं आणि मागाहून राग येतो. मला हल्ली थेट रागच येतो.

तरुणपणी त्यांनी जयंतीसाठी एक गाणं बसवलं होतं. गायली होती मेव्हणी. तेव्हा तिचा आवाज असा होता की विहारासमोरचा माईक बंद पडला तरी मागच्या गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहायची. त्या एप्रिलात लोकांनी ते गाणं जे उचललं ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही. मिरवणुकीत वाजतं, हळदीत वाजतं, कुणाच्याही वाढदिवसाला शब्द बदलून वाजतं. साडूंचं नाव त्यावर कुठंच नाही, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. घात केला तो स्टेशनाजवळच्या टपरीवर बसलेल्या एका रिकामटेकड्यानं. गाणं ऐकून तो सहज म्हणाला, "ही तर एका जुन्या कव्वालीची चाल हाय." कोणती कव्वाली, ते त्याला आठवेना. चहा संपवून तो निघून गेला; साडू मात्र मनानं त्या बाकावरून अजून उठलेले नाहीत. ती कव्वाली त्यांनी शहागंजातल्या जुन्या कॅसेटवाल्यांकडे शोधली, दर्ग्यात गाणाऱ्यांना आपली चाल ऐकवून विचारलं, मोबाईल आल्यावर त्यात शोधली. सापडली नाही. दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणाला असता. साडूंचं म्हणणं, सापडत नाही म्हणजे ती फारच जुनी असणार.

तेव्हापासून नवी चाल सुचली की साडू आधी तिचा मालक शोधायला लागले. मी वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर होतो. चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. शिवाय गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. या दोन गुणांवर त्यांनी माझी परीक्षक म्हणून नेमणूक केली. रविवारी सकाळी स्कूटरवर पायांपाशी पेटी ठेवून यायचे, भिंतीकडे तोंड करून वाजवायचे आणि विचारायचे, कुठं ऐकलीय का? मी नाही म्हणालो की माझी आठवण कच्ची आहे असं ठरवून आमच्या हिला विचारायचे, मग शेजाऱ्यांना, मग दारावर आलेल्या भाजीवालीला. एकदा एक चाल या सगळ्यांतून पार पडली. साडू हरखले, दोन घास जास्त जेवले. खाली उतरले, तर गल्लीत एक टेम्पो मागे येत होता, आणि मागे घेताना वाजणारा त्याचा भोंगा नेमके साडूंच्या अंतऱ्यातले चार सूर वाजवत होता. साडूंनी टेम्पोवाल्याला हात जोडले, त्याची वस्तू त्याला परत केल्यासारखे, आणि त्या चालीचं पुन्हा नाव काढलं नाही. तेव्हा हसून हसून माझं पोट दुखलं होतं. आता ते आठवलं की तोंड कडू होतं, कारण चाल चांगली होती.

गेल्या वर्षी मेव्हणीच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं: गाठ काढावीच लागेल, आवाजाची नस तिथूनच जाते, आवाज पूर्वीसारखा राहील याची खात्री नाही. घरी येऊन तिनं आम्हा सगळ्यांसाठी चहा टाकला आणि आमच्यासमोरच नवऱ्याला म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी मला एक नवं गाणं पाहिजे. जुनं लई गायले. आता एक माझ्यासाठी करा." संसारात तिनं त्यांच्याकडं स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट असेल.

साडूंनी ते मनावर घेतलं. इतकं घेतलं की जेवण सुटलं. शहरात दुसऱ्यांची गाणी कानात शिरतात म्हणून शांततेसाठी लेण्यांजवळच्या फर्दापूरला जायचं ठरलं. सोबत पेटी, आणि ती उचलायला मी. लेणीतल्या बुद्धासमोर बसून काही सुचेल अशी त्यांना आशा होती. तिथं रंगीत दगड विकणाऱ्यांनी आम्हाला घेरलं, आणि साडूंना नाही म्हणता येत नसल्यामुळे पेटीच्या जोडीला दगडांची पिशवीही माझ्याच खांद्यावर आली. संध्याकाळी लॉजवर त्यांनी पेटी उघडली, तोच समोरच्या मैदानात हळदीचा डीजे सुरू झाला. पहिलंच गाणं साडूंचं. पोरं घामाघूम होऊन नाचत होती. मला राहवलं नाही. मी खाली जाऊन डीजेवाल्याला सांगितलं की हे गाणं ज्यांनी केलं ते इथंच उतरलेत. त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. "ह्याला करणारा कुणी नसतो काका," तो म्हणाला, "हे आधीपासूनच हाय." साडू माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी चिडावं अशी माझी फार इच्छा होती. ते खटला जिंकल्यासारखे माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "बघा साडूभाऊ." दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही परत आलो.

गाण्याशिवायच ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जिवावरचं टळलं, आणि आवाज गेला. बोलता येतं, पण ज्या आवाजाला माईक लागत नव्हता तो आता स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत पोचत नाही. मी साडूंवर इतका भडकलो की दोन-तीन महिने तिकडं फिरकलोच नाही. जगातल्या प्रत्येक चालीला मालक मिळवून देणाऱ्या माणसाला बायकोची एवढीशी मागणी पुरवता आली नाही, हे मी आमच्या हिला रोज ऐकवायचो, जणू दोष तिचाच.

मग एका रविवारी हिनं दिलेला डबा पोचवायला गेलो, तर दार उघडं आणि आत पेटी वाजत होती. डॉक्टरांनी मेव्हणीला रोज थोडा वेळ हलक्या आवाजात सूर धरायला सांगितलं होतं. ती ओट्यापाशी स्टुलावर बसलेली, साडू खाली फरशीवर. तिच्या गळ्यात आता जेमतेम तीन-चार सूर उरलेत. तेवढ्यातच साडू वाजवत होते आणि ती घोगऱ्या आवाजात म्हणत होती, नळ आला, नळ आला, हंडा लाव गं, पाणी जाईल. आमच्याकडं नळ किती दिवसांनी येतो हे ज्याला माहीत आहे त्याला या शब्दांत काही नवल वाटणार नाही. पण 'नळ आला' म्हणून ती जिथं थांबायची आणि 'पाणी जाईल' म्हणत जशी उतरायची, ते ऐकत मी डबा हातात धरून दारातच थांबलो. मला गाण्यातलं कळत नाही. तरी हे पुरं गाणं आहे आणि याआधी ते कुठंच नव्हतं, एवढं कळलं. सवयीनं मी त्यात खोट शोधली. सापडली नाही.

साडूंनी मला पाहिलं, आणि नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. घशाचा व्यायाम आहे म्हणाले, रोज तेच करून ती कंटाळते म्हणून बदलून देतो. काल भाजीचं होतं, परवा लाईट गेली त्याचं. "ह्याला काय चाल म्हणत नाय कुणी," असंही म्हणाले. मी तोंड उघडणार, एवढ्यात मेव्हणीनं त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडं पाहून नको अशी मान हलवली. मी डबा ओट्यावर ठेवला आणि गरम आहे तोवर खा म्हणालो.

दारापर्यंत सोडायला आली तेव्हा ती माझ्या अगदी जवळ येऊन बोलली, कारण लांबून ऐकू येत नाही. "दाजी, त्यांना सांगू नका. कळलं की कुणाचं हाय ते शोधत बसतील." मग दम घेऊन म्हणाली, "मला रोज नवं गाणं मिळतंय. गायला गळा नाय, एवढंच."

मला जिना उतरवेना. पायरीवरच बसलो. वर पुन्हा सुरू झालं. ती एक सूर चढायला गेली आणि आवाज फाटला. पुन्हा गेली, पुन्हा फाटला. पूर्वी त्या सुरावर ती सहज जाऊन उभी राहायची, आणि हे आम्हा तिघांनाही आठवत होतं. पेटी थांबली. आता ते राहू दे म्हणतील असं मला वाटलं. थोड्या वेळानं साडूंनी तीच ओळ खालून वाजवून पाहिली, तिचा आवाज जिथं टिकत होता तिथंच आणून संपवली आणि म्हणाले, "वर नको जाऊ. इथंच थांबू आपण. इथं बरं हाय."