पहिल्या रांगेचा मान

कॅनडातल्या एडमंटनच्या एका युनिव्हर्सिटीत मी बास्केटबॉलची तिकिटं विकायचे. कोर्टाला अगदी लागून ठेवलेल्या महागड्या खुर्च्या कोणी घेईना, तेव्हा मला मराठी मंडळातले रिटायर्ड डॉक्टर काका आठवले. मंडळाच्या कार्यक्रमात ज्येष्ठांना नेहमी पहिली रांग असते. मी फोनवर "पहिली रांग" म्हणताच काकांनी स्वतःसाठी आणि काकूंसाठी दोन खुर्च्या घेतल्या.

सामन्याआधी खेळाडूंचा वॉर्म-अप पाहिला आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. साडेसहा फुटांची ती धिप्पाड मुलं बॉलमागे धावत थेट खुर्च्यांपर्यंत येत होती. मध्ये साधी दोरीसुद्धा नव्हती. काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन उन्हाळ्यातच झालं होतं.

"काका, वरून जास्त छान दिसतं. तिकडे बसता का?"

"आम्हाला मागे बसवतेस?" काकांचा चेहरा असा पडला, की मी दोघांना निमूट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

सामना मी पाहिलाच नाही, नुसती काकूंकडे बघत उभी राहिले. शेवटी शेवटी एक मुलगा बाहेर चाललेल्या बॉलवर झेपावला, तो सरळ त्यांच्याच दिशेने. ऐनवेळी तो वळला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीसकट आडवा झाला.

मी धावत गेले. काकू शांतपणे शाल सावरत होत्या.

"पुढच्या वेळी अजून चार खुर्च्या ठेव," त्या म्हणाल्या. "मंडळात आमच्याहून मोठी माणसं आहेत. त्यांना सोडून आम्ही पुढे बसणं बरं दिसत नाही."