शेवटची बॉडी

ती घटना आठवली की आजही माझ्या उजव्या हाताची मला लाज वाटते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. फौजदार म्हणून मी साताऱ्याकडून बदलून डोंबिवलीतल्या एका पोलीस ठाण्यात नुकताच रुजू झालो होतो. आमच्या भागातल्या मोटारींच्या एका कारखान्याला टाळं लागलं होतं. स्वखुशीने नोकरी सोडत असल्याच्या कागदावर सही करायची की नाही, यावरून कामगारांत उभी फूट पडली होती. सही करणाऱ्याला बाकीचे फितूर म्हणत.

अशातच एक कामगार बेपत्ता झाला. त्याच्या बायकोने मिसिंग रजिस्टरला नोंद केली आणि ती रोज सकाळी ठाण्याच्या बाकावर येऊन बसू लागली. रडणं नाही, ओरडणं नाही. मी समोरून गेलो की ती फक्त उठून उभी राहायची. तीन आठवडे ती अशी उभी राहिली आणि मी तिची नजर चुकवत राहिलो.

तपासात एवढंच कळलं की नवऱ्याने बायकोला न सांगता त्या कागदावर सही केली होती. त्यावर त्याच्याच खात्यातल्या एका जुन्या कामगाराने गेटवर चारचौघांत त्याला सुनावलं होतं, "आजपासून तू आम्हाला मेलास." या माणसाला सगळे मिस्त्री म्हणत. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने शिडशिडीत, पोलिसांत नाव नाही.

मग खबर आली. मानपाड्याच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर मिस्त्री सांगत होते, "शेवटची बॉडी आम्हीच उचलून बाहेर काढली. हार घातला, नारळ फोडला. फोटो आहेत माझ्याकडे." खबऱ्याने हे शब्द कानांनी ऐकले होते. मला तर घबाडच सापडल्यासारखं वाटलं. भरदुपारी जीप त्यांच्या चाळीत नेली. बायाबापड्या कठड्याला टेकून बघत होत्या. मिस्त्रींनी शर्ट बदलला, एक कापडी पिशवी घेतली आणि निमूटपणे जीपमध्ये बसले.

चौकशी मी स्वतः केली.

"बॉडी कुठे आहे?"

"गेली, साहेब. ट्रकवर चढवली."

"उचलली कुणी?"

"आम्ही चौघांनी. पट्टा बंद होता ना, मग हातानेच नेली."

"कुणाची होती?"

"कंपनीची."

मला वाटलं, हा माझी चेष्टा करतोय. मी त्यांच्या कानाखाली वाजवली. त्यांचा चष्मा टेबलाखाली गेला. त्यांनी तो वाकून उचलला, पुसला आणि म्हणाले, "पिशवीत फोटो आहेत. बघा तरी."

आमच्या हवालदाराने पाकीट उघडलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "साहेब," तो हळूच म्हणाला, "ही गाडीची बॉडी आहे ओ."

काळ्या रंगाचा, बिनचाकांचा, बिनइंजिनाचा मोटारीचा सांगाडा. त्याला झेंडूचा हार. चार माणसं चार कोपऱ्यांना धरून उभी, चौघंही नुकतेच डोळे पुसल्यासारखी. पोलिसाच्या तोंडी बॉडी म्हणजे मढं. त्यांच्या तोंडी तीस वर्षं ती रोज बनवायची वस्तू, पट्टा म्हणजे ती पुढे सरकवणारं यंत्र. सगळ्या कल्याण-डोंबिवलीला जे कळलं असतं, ते मला कळलं नव्हतं. मी 'कुणाची' विचारत राहिलो. 'कसली' असं एकदा विचारलं असतं, तर हात उचलायची वेळच आली नसती.

बाकीचे फोटो मी उगाच चाळत बसलो, कारण मिस्त्रींकडे बघायची हिंमत नव्हती. पत्र्याला ठोके देणारी माणसं, डबे खाणारी माणसं, खंडेनवमीला पूजलेली यंत्रं. तेवढ्यात हवालदाराने विचारलं, "पण हे काढले कुणी?"

"तुम्ही शोधताय त्यानेच," मिस्त्री म्हणाले. "कॅमेरा त्याचाच. म्हणून तर तो एकाही फोटोत नाही. आठ दिवसांपूर्वी पाकीट दाराच्या फटीत कुणीतरी सरकवून गेलं. मला वाटलं, वहिनींनी पाठवलं."

मी पाकीट उलटं केलं. ठाणे शहरातल्या नौपाड्याच्या एका फोटो स्टुडिओचा शिक्का होता आणि रोल धुवायला दिल्याची तारीख. माणूस बेपत्ता झाल्यानंतरची, चार दिवसांनंतरची.

तासाभरात जीप नौपाड्यात होती. स्टुडिओचे मालक म्हणाले, "ते होय? मागच्या खोलीत फोटो धुतायत की. राहतातही इथंच." पडदा सारला तर हातात ओले फोटो घेऊन आमचा बेपत्ता माणूस उभा. मला बघून तो घाबरला नाही, खाली बसला. "वीस वर्षं ज्यांच्या डब्यात जेवलो ते म्हणाले, तू मेलास," तो म्हणाला. "सही केलेली घरीपण सांगितली नव्हती. कुठल्या तोंडाने जायचं, साहेब?"

त्याला ठाण्यात आणलं. बायको बाकावरून उठली. नवऱ्याकडे न बघता मला म्हणाली, "साहेब, आधी मिसिंगमधून नाव काढा." मी रजिस्टरमध्ये नोंद करेपर्यंत ती टेबलाशी उभी राहिली आणि मग तिने त्याच्या शर्टाची बाही जी घट्ट धरली, ती जबाब संपेपर्यंत सोडली नाही.

मिस्त्री कोपऱ्यात होते. तो त्यांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला अडवलं. "मेलास म्हणालो ते चुकलं रे माझं," ते गालावरून हात फिरवत म्हणाले. "तो शब्द आज मलाच बसला."

तो फटका शब्दाचा नव्हता, माझा होता, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मी पेन उचललं. स्टेशन डायरीत लिहिलं, 'चौकशीअंती सोडले.' माफीसाठी डायरीत रकाना नसतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती खोटी होती.

हवालदार म्हणाला, "चला मिस्त्री, जीपने सोडतो."

"नको," मिस्त्री म्हणाले. "मला जीपमधून नेताना सगळ्या चाळीने बघितलंय. आता पायी परत येतानाही बघू दे." आणि दारात थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही येता का बरोबर? चाळीच्या तोंडापर्यंतच."

"कागद पुरे करायचेत," मी म्हणालो. ते मान हलवून निघून गेले.

माणसाला सोडून दिलं म्हणजे तो सुटला असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या सगळ्या नोकरीत चौकशीला आणलेला माणूस निर्दोष ठरला, की मी गणवेशात त्याच्या दारापर्यंत चालत जायचो आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगायचो, "यांचा काही दोष नाही, चूक आमची." सहकारी हसायचे. किती दारांपर्यंत गेलो ते आता आठवत नाही. मिस्त्रींच्या दारापर्यंत मात्र गेलो नाही.