खाट सोबत चालू द्या

भिलाईत पोलादाचा कारखाना इंजिनिअरांनी उभा केला, आणि माणसं मेश्रामबाईंनी उभी केली. हे वाक्य माझं नाही. बाईंच्या निरोप समारंभात एका बड्या साहेबांनी ते खुर्चीत बसूनच म्हटलं. बाईंना तेव्हा डुलकी लागली होती.

डुलकी ही त्यांची जुनी सवय. बांधकाम जोरात होतं त्या वर्षांत मी कारखान्याच्या दवाखान्यात कारकून होतो. सतत कोणी ना कोणी उंचावरून पडे. डॉक्टर हाड जुळवत आणि पेशंटला मागच्या खोलीत बाईंकडे पाठवत. बाई नागपूरच्या, फिजिओथेरपी मुंबईला शिकलेल्या. लोकांच्या लेखी ‘कसरतवाली बाई’. ‘‘हाड डॉक्टरचं, कण्हणं माह्या वाट्याचं,’’ असं म्हणत त्या दोन पेशंटांच्या मधे भिंतीला टेकून डोळे मिटत. ‘‘झोपल्या का, बाई?’’ असं विचारलं की म्हणत, ‘‘नाही बापा, भिंतीले आधार देऊन राहिली.’’

रामटेके भंडाऱ्याकडचा, लोखंडी सांगाडे उभारणाऱ्या गँगमधला. मचाणावरून पडून त्याची मांडी मोडली. हाड जुळलं, पण पाय टेकवेना. पावसाळ्यानंतर डॉक्टरांची तपासणी होती. तिथे चालून दाखवलं नाही तर नोकरी जाणार, क्वार्टर जाणार, बायकोपोरांसह गाव गाठावं लागणार. बाईंनी त्याला रोज चालायच्या कसरतीला बोलावलं. तो रोज आला, पण खाटेवरून. रुआबांध्याच्या वस्तीतून चार गाववाले त्याला खांद्यावर आणत.

‘‘कावून रे, चालाची कसरत कराले खाटेवर येऊन राहिला?’’

उत्तर बायकोने दिलं. ‘‘बाई, मोडल्या पायाचा मानूस रस्त्यानं चालत गेला तं लोक म्हनतीन, याले कोनी नाही. चार मानसं आहेत म्हनून तं आनतो!’’

आजाऱ्याची सेवा म्हणजे त्याला हलू न देणं, हे घरोघरी खोडून खोडून बाई दमल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘बरं. खाट आना. चौघंही या. फक्त याले खाली चालू द्या. खाट सोबत चालू द्या.’’

याला मात्र कोणाची हरकत निघाली नाही. तो आधी दवाखान्याच्या फाटकापासून चालू लागला, मग वळणापासून, मग घरापासून. लोक खाट येताना पाहून हात जोडत, आणि मागून काठी टेकत, घामाघूम येणारा रामटेके दिसला की ओशाळून हात खाली घेत.

‘‘रिकामीच आनाची तं आमी कायले?’’ खाटवाले कुरकुरत.

‘‘तुमच्या खांद्याची कसरत,’’ बाई म्हणत.

तपासणीला रामटेके काठीशिवाय खोली ओलांडून गेला. नोकरी राहिली, क्वार्टर राहिलं. बाहेर येऊन तो पाया पडायला लागला, तर बाई खेकसल्या, ‘‘वाकू नको! वाकाचं अजून शिकवलं नाही.’’ मग बाकावर बसल्या आणि तिथेच त्यांचे डोळे मिटले.

रामटेकेला पुन्हा उंचावर पाठवणं धोक्याचं, असं साहेबांनी ठरवलं. त्याला गेटवर स्टूल दिलं आणि दिवसभर बसायचं काम दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा बाईंकडे आला. कंबर धरून.