पाचशे मीटरचं वर्तुळ

एमएच्या दुसऱ्या वर्षी माझा प्रकल्प होता पूर्व उपनगरांतल्या बससेवेवर. आर्थिक भूगोल मला तेव्हा फारच सोपा वाटायचा. बसथांबा घ्यायचा, कॉम्प्युटरवर त्याच्याभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ काढायचं आणि आत आलेल्या इमारती हिरव्या करायच्या. हिरवं म्हणजे बस सात मिनिटांवर. नकाशा झकास दिसायचा आणि मी खूश.

आमच्या घाटकोपरच्या घरी एक मावशी बारा वर्षं पोळ्या करायला यायच्या. त्यांची झोपडी रस्तारुंदीत गेली आणि त्यांना माहुलकडच्या एका वसाहतीत खोली मिळाली. तेव्हापासून रोज उशीर. बाबा डब्याशिवाय ऑफिसला जायला लागले, आई वैतागली. मावशी म्हणायच्या, "वहिनी, बस लांब पडते हो. पाऊण तास चालते मी."

"पाऊण तास? काहीतरीच!" मी लॅपटॉप उघडला. त्यांची इमारत हिरवीगार. त्या गेल्यावर आईला दाखवलं, "हे बघ, सात मिनिटं. थापा मारतायत त्या."

आईला तेवढं पुरलं. महिना संपताच तिने मावशींना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. कारणही सांगितलं. मावशींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि चपला घातल्या.

पुढच्याच महिन्यात सर्वेक्षणासाठी त्याच वसाहतीत जायची पाळी आली. थांब्यावर उतरले तर इमारत समोरच, गॅलरीतले कपडेसुद्धा दिसत होते. पण मध्ये एका कंपनीची उंच भिंत. भिंतीच्या कडेने गेले तर पुढे नाला, आणि पूल पार हायवेजवळ. वळसा घालून पोचले तेव्हा घड्याळात पाऊण तास झाला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणपण माझं आणि बैल मावशींचा! लाजेने मेले मी.

मावशींचं दार वाजवलं. सगळं सांगून माफी मागितली. त्यांनी चहा टाकला. "काम मिळालं का दुसरं?" मी विचारलं.

"इथे कोण देतो गो बाय? सगळी माझ्यासारखीच," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांत मी वहिनींशी एक खोटं बोलले नाही."

मी तिथूनच आईला फोन लावला. मावशी खरं बोलत होत्या, त्यांना परत बोलाव, म्हटलं.

आई म्हणाली, "असेल गं खरं. पण नवीन बाई वेळेवर येते. आता उगाच कशाला?"

फोन मी स्पीकरवर ठेवला होता, मावशींना ऐकू यावं म्हणून.