वरणाच्या पाण्याची विहीर

केदारखेड्याच्या शिवारात कुणाकडं लग्न निघालं की साखराबाईला आधी निरोप यायचा, "वरणाला तुमचंच पाणी लागंल बरं." मग बैलगाडीतून पिंपं भरून जायची. त्या पाण्यात तुरीची डाळ अशी शिजायची की रवी फिरवायलाच नको.

ही विहीर तिच्या नवऱ्यानं, मल्हारीनं, मेंढरं विकून खोदलेली. पाणी लागलं तेव्हा पहिली ओंजळ त्यानं खंडोबाच्या नावानं सोडली अन् दुसरी तिला पाजली. उरलेली मेंढरं विहिरीशेजारीच बसायची. सांजच्याला ती पाण्याच्या डोणीवर दाटी करायची अन् ओल्या लोकरीचा वास पार चुलीपर्यंत यायचा. आता मल्हारी नाही, मेंढरंही नाहीत. त्या जागेवर उकिरडा तेवढा राहिला.

यंदा नातसून पायल माहेराहून तान्ह्या छकुलीला घेऊन आली. अंगावरचं दूध कमी, म्हणून लेकराला डब्यातली दुधाची पावडर पाण्यात कालवून द्यावी लागे. पाणी विकतच्या जारचं. ते बघून साखराबाईचा जीव तुटायचा.

"घरची विहीर सोडून लेकरू जारवर वाढवून राह्यली का गं?"

"एकदा तपासून घेऊ, आजी. चांगलं निघालं तर तुमच्याच विहिरीचं देईन," पायल म्हणाली.

साखराबाईला घाई होती. दुसऱ्या दिवशी विहीर पुजायची होती. पूजा झाली की तिथलं पाणी बोटानं बाळाच्या ओठाला लावायचं, ही घरची रीत. नातवाला, करणला, तिनंच लावलेलं.

गावातलं पाणी तपासणारी अक्षता सकाळीच पेटी घेऊन आली. साखराबाईनं तांब्या चिंचेनं लख्ख घासून, पाणी तीनपदरी फडक्यातून गाळून, वर तुळशीचं पान टाकून ठेवलं होतं.

अक्षता हसली. "माय, पोरगी दाखवायला काढली का काय? नटवू नको. हाय तशीच दाखव."

"दाखव मंग. माझ्या पोरीत खोट न्हाई."

अक्षतानं स्वतः बादली सोडली. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात पूड टाकली अन् दोघी कठड्यावर टेकल्या. हळूहळू नळीतलं पाणी गुलाबी झालं, मग गडद.

"गुलालावानी दिसतंय," साखराबाई कौतुकानं म्हणाली.

अक्षता हसली नाही. "माय, हे नायट्रेट. खताचं, शेणालेंड्यांचं पाणी मुरून आत उतरलंय. तान्ह्या लेकराला लई वाईट. अंग निळं पडतं. उकळूनबी जात न्हाई."

"डाळ तर शिजती की बाई."

"डाळीला ते कळत न्हाई, माय."

साखराबाई उकिरड्याकडं बघत राहिली. मेंढरं बसायची तीच जागा. मल्हारी म्हणायचा, लेंड्या म्हणजे सोनं.

संध्याकाळी तिनं करणला सांगितलं, "उकिरडा उचल. पार वावराच्या त्या टोकाला न्हेऊन टाक."

दुसऱ्या दिवशी पायलनं विहिरीला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला अन् छकुलीला आजीच्या मांडीवर दिलं. साखराबाईनं बादलीत बोट बुडवलं. पायल श्वास धरून बघत होती.

बोट ओठाजवळ आलं अन् थांबलं. मग वर सरकलं अन् कपाळावर टेकलं.

"रुसू नको, माय," साखराबाई विहिरीकडं बघून पुटपुटली. पायलला म्हणाली, "जा, जारचं आण. भुकेजलं लेकरू."